एकदाच सांगणारा मिस्त्री

निलंग्याच्या त्या मिस्त्रीची एक खोड होती. कुठलीही गोष्ट तो एकदाच सांगायचा. लातूर नवा जिल्हा झाला, त्यानंतरच्या दुष्काळात मला पाझर तलावाचं काम मिळालं होतं. माझ्या जुन्या बुलडोझरची लोखंडी चेन बदलायला मी त्याला घरीच बोलावलं. चेनवरची माती धुवायला पाणी दिलं, तर दुष्काळात पाणी वाया नको म्हणून त्यानं बादली बाजूला सारली आणि दुपारपर्यंत खुरप्यानं खरवडत बसला. मग दातेरी चाकावर हात फिरवून म्हणाला, "मालक, दाते झिजलेत. चाकबी बदला, न्हाईतर नवी चेन टिकायची न्हाई."

"दुकानदार तुला किती कमिशन देतो रे?" मी ओरडलो.

त्यानं जुन्याच चाकावर नवी चेन जीव लावून चढवली.

चौथ्या दिवशी तलावावर चेन दाते सोडून उतरली. मशीन बसलं आणि काम दुसऱ्या गुत्तेदाराला गेलं. मी तडक त्याच्याकडे गेलो.

"पुन्हा सांगायला तोंड शिवलं होतं का?"

चिंधीला हात पुसत तो म्हणाला, "एकदा सांगून चोर ठरलो, मालक. दुसऱ्यांदा सांगितलं असतं तर ऐकलं असतं का तुम्ही?"

नसतं ऐकलं. पण त्यानं पुन्हा सांगायला हवं होतं, हे मी आजही म्हणतो.