भिमाजींनी ऐकलेले धडे

आमच्या अवसरी बुद्रुकची वृषाली तिसरीत असताना तिला मेंदूज्वर झाला. त्यातून ती वाचली, पण दोन्ही कान गेले. तोवर लिहिता-वाचता आणि बोलता येत होतं, म्हणून बारावीपर्यंत शाळा निभावली. समोरच्याच्या ओठांकडे बघून ती बोलणं ओळखायची. घरच्यांचं चटकन, परक्याचं अडखळत.

दोन हजार दोनच्या सुमाराला वडिलांनी, भिमाजींनी, तिला मंचरला कॉम्प्युटर क्लासला घातलं. सर फळ्याकडे तोंड करून बोलायचे. तिला काही कळेना. ती क्लास सोडायला निघाली तेव्हा सरांनी तिच्या हातात एक सीडी दिली. तीत फ्लॅश हे सॉफ्टवेअर शिकवणारे धडे होते. त्या काळी वेबसाइटवर काही हलतं-फिरतं दाखवायचं, माणसाला दाबून बघता येईल असं काही करायचं, तर ब्राउझरला प्लग-इन नावाची जास्तीची जोडणी लागे, आणि त्यातली चित्रं फ्लॅशमध्ये बनत. सीडीतले धडे इंग्रजीत, पण सगळे लिहिलेले होते. शेजारी चित्रं, शेवटी तयार फाइल. ती उघडून कुणी काय केलंय ते आतून बघता यायचं. डिक्शनरी जवळ घेऊन वृषालीनं सगळे धडे संपवले. सरांना विचारावं असं काही उरलंच नाही.

पुढं पुण्यातल्या एका लहान कंपनीसाठी ती घरूनच शाळेचे धडे बनवू लागली. मुलानं मुळावर दाबलं की पाणी खोडातून पानापर्यंत चढायचं. हृदयावर दाबलं की रक्त फिरायचं. आई लंकाबाई हळदीकुंकवाला गेली की बायांना सांगायची, माझी लेक पुस्तकातली चित्रं हालवती. त्या तीन-चार वर्षांत घरात तिच्या लग्नाची काळजी कुणी मोठ्यानं बोलून दाखवली नाही.

मग फ्लॅशची नवी आवृत्ती आली आणि आतली लिहायची पद्धतच बदलली. कंपनीच्या आरती मॅडमनी कळवलं की पुढचं सगळं काम नव्या पद्धतीनं लागेल. वृषाली मंचरला सूरजच्या नेट कॅफेत धडे शोधायला गेली. धडे भरपूर होते, पण आता ते व्हिडिओ झाले होते. पडद्यावर नुसता बाण फिरायचा आणि कुणीतरी बोलत असायचं. बोलणारा दिसत नव्हता, त्यामुळं त्याचे ओठही नव्हते. मधेच बाण एका जागी बराच वेळ थांबायचा. खरं सांगायचं ते तो तेव्हाच सांगत असणार, हे तिला कळायचं. काय, ते कळायचं नाही.

तिनं घरी सांगितलं. पुढच्या बाजाराला भिमाजी बटाट्याच्या गोण्या उतरवून थेट कॅफेत आले. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि हेडफोन चढवला. धडा संपेपर्यंत हलले नाहीत.

"काय म्हणतोय?" वृषालीनं विचारलं.

"विंग्रजीत बोलतोय. लई शांतपणी बोलतोय," ते म्हणाले. "पर मला नाय कळत, बाळा."

 मग सूरजकडून कागद मागून घेतला, धडा पुन्हा लावायला सांगितला आणि कानावर पडेल ते मराठी अक्षरात लिहू लागले. सातवी शिकलेला माणूस. 'नाऊ वी हॅव टू ॲड अ लिसनर.' वृषाली ते ओठातल्या ओठात वाचायची आणि इंग्रजी शब्द ताडायची. लिसनर म्हणजे ऐकणारा. नव्या पद्धतीत प्रत्येक बटणाला असा एक ऐकणारा नेमून द्यावा लागत होता. त्या दिवशी तिचं पहिलं बटण चाललं.

बरेच महिने दर बाजाराला बापलेक तिथं बसत. पण पुढच्या धड्यांमधला माणूस भरभर बोलणारा होता. कागदावरच्या ओळींतून काही निघेनासं झालं. वृषालीच्या लक्षात आलं, वडिलांना सापडत नाही आणि कागद कोरा द्यायला त्यांचं मन धजत नाही, म्हणून ते मनानंच अक्षरं भरतायत. ती मान डोलावून कळलं म्हणायची.

दोन हजार आठला आरती मॅडमची मेल आली. आता धड्यातली पात्रं बोलणार होती, आवाजाला त्यांचे ओठ जुळवावे लागणार होते. तिला काम देता येणार नाही म्हणून मॅडमनी मनापासून माफी मागितली होती.

वृषालीनं वडिलांना सांगितलं, काम मीच सोडलं, कंटाळा आला. भिमाजी ओट्यावर पाय धूत होते. त्यांनी तिच्याकडे तोंड फिरवलं, तिला ओठ दिसावेत म्हणून.

"माझं कान कमी पडलं, पोरी."

ती नाही नाही म्हणत राहिली. ते आत निघून गेले.

वृषाली मंचरच्या एका फोटो स्टुडिओत लग्नाचे अल्बम बनवू लागली. भिमाजी तरीही बाजारच्या दिवशी कॅफेत डोकवायचे आणि सूरजला विचारायचे, लिहिलेलं काय आलंय का. सूरज नाही म्हणायचा. हे वृषालीला सूरजकडून कळलं आणि तिनं वडिलांना नका जाऊ म्हणून सांगितलं. पण ते जात राहिले.

पुढच्या वर्षी थंडीत, बटाट्याची काढणी चालू असताना, ते वावरातच कोसळले आणि गेले. त्यांचा एकट्याचा फोटो घरात नव्हता. कुणाच्यातरी लग्नातल्या घोळक्यातून वृषालीनं तो स्टुडिओत कापून काढला, मागची माणसं पुसली. शेजारी बसलेल्या लंकाबाईंनी फोटोत भिमाजींच्या खांद्यावर उरलेल्या परक्या हाताकडे बोट दाखवलं. तो हात काढता काढता वृषालीला संध्याकाळ झाली.