भटूभाऊंची डबल बेल

भटूभाऊंकडे माझं पहिल्यांदा नीट लक्ष गेलं ते त्यांच्या खिशातल्या पिवळ्या रुमालामुळे. मी तेव्हा चिमठाण्याच्या शाळेत शिकवत होते आणि रोज सकाळी दोंडाईच्याहून धुळ्याच्या गाडीने जात होते. तिकिटाला भोक पाडायचा पंच जाऊन कंडक्टरांच्या हाती तिकिटं काढायची यंत्रं नुकतीच आली होती. बहुतेक जण ती यंत्रं दुसऱ्याचं रडकं मूल सांभाळायला मिळाल्यासारखी धरायचे. हा कंडक्टर मात्र दर थांब्यानंतर खिशातून मऊ रुमाल काढून यंत्राची काच पुसत होता. माझं तिकीट हातात देताना म्हणाला, "बाई, हात लावून बघा. कोमट आहे. आत्ताच निघालंय." तव्यावरची भाकरी वाढावी तसं.

मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "भटूभाऊ, तुमना पंच कोठे गया?"

"पेन्शनवर गया!" कंडक्टर म्हणाले. "आनि तू पुढे सरक भो, मधमा क्रिकेट खेळाएवढी जागा शे!"

मधे उभं राहायलाही जागा नव्हती. पण माणसं हसली आणि हसता हसता खरंच सरकली.

पुढे मला कळलं की हे भटू भामरे आमच्याच गल्लीत, चार घरं सोडून राहतात. घरी त्यांची आई आक्काबाई आणि पत्नी सुनंदाबाई. मुलगी सासरी शिरपूरला. नवीन यंत्राचं त्यांना वेड होतं, आणि ते वेड लपवण्याचा प्रयत्न त्यांनी कधी केला नाही. मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ आमच्या गल्लीत पहिल्यांदा त्यांनीच बांधलं. पहिल्याच दिवशी ड्यूटीवरून आले ते घड्याळ काढतच. "बाई, हे खोटं बोलतं. मी गाडीत उभा होतो, आणि हे म्हणतं मी धुळ्यापर्यंत पळत गेलो." थोडा विचार करून म्हणाले, "पण यात घड्याळाची चूक नाही. त्याला धक्के कळतात, रस्ता कळत नाही."

हे त्यांचं मला फार आवडायचं. वस्तू आवडली म्हणून ते तिची खोटी स्तुती करत नसत आणि नावडली म्हणून तिच्यावर अन्याय करत नसत. मी जन्मभर पेपर तपासले, पण इतका समतोल मलाही रोज जमला नाही.

निवृत्तीनंतर त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ करायला सुरुवात केली. सगळे अहिराणीत. चॅनेलचं नाव 'भटूभाऊनी डबल बेल'. भंगारातून त्यांनी जुन्या बसची घंटी आणली, बैठकीच्या खोलीत टांगली आणि तिला दोरी बांधली. गाडीत एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. तोच नियम त्यांनी यंत्रांना लावला. "रामराम मंडळी, दार लावा, गाडी सुटनी!" अशी सुरुवात व्हायची. मग ती वस्तू आठवडाभर घरात वापरून काय वाटलं ते सांगायचे आणि शेवटी दोरी ओढायचे. दोन घंट्या म्हणजे घ्या. एक म्हणजे राहू द्या.

घर झाडणाऱ्या गोल रोबोला एकच घंटी मिळाली. आमचं दोंडाईचा म्हणजे मिरचीच्या बाजाराचं गाव. सुनंदाबाईंनी ओसरीत गोणपाटावर वाळत घातलेल्या मिरच्यांमध्ये तो शिरला आणि मिरच्यांचं बी पोटात घेऊन घरभर हिंडला. सकाळभर सगळी गल्ली शिंकत होती. "झाडतो चांगला," भटूभाऊंनी निकाल दिला, "पण मिरचीना गावना नही." प्रश्नांची उत्तरं देणाऱ्या नव्या ॲपशी त्यांनी महिनाभर अहिराणीत गप्पा मारल्या. त्याच्याबद्दलचं त्यांचं मत मी अजून लोकांना ऐकवते : "बोलतं बरोबर, पण पाहुण्यासारखं. एकदाही उलटून बोललं नाही."

सुनंदाबाई म्हणायच्या, "बाई, या घरात मी सोडून बठ्ठं चार्जिंगवर शे."

हे सगळं हसत चाललेलं होतं. मग गेल्या वर्षी श्रावणात एक गोष्ट झाली.

आमच्या गल्लीत कानबाई, आम्हा खानदेशातल्या बायांची देवी, बसते. नागपंचमीनंतरच्या रविवारी तिला सजवून चौरंगावर बसवतात आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर नेतात. तिची गाणी आक्काबाई सांगायच्या. ओळ त्यांनी उचलायची आणि बाकीच्या बायांनी झेलायची. मी इथे राहायला आले तेव्हापासून हे असंच होतं. पण आक्काबाईंचं ऐकणं कमी होत गेलं होतं. गेल्या वर्षी मिरवणुकीत बायांनी गाणं संपवलं, आणि आक्काबाई एकट्याच पुढची ओळ म्हणत राहिल्या. मागच्या रांगेतल्या मुली हसल्या. वाईट मनाच्या नव्हत्या त्या. हसू आलं आणि हसल्या. आक्काबाईंना ऐकू आलं नाही, पण दिसलं. घरी येऊन त्यांनी शेजारच्या मोहिनीला सांगितलं, "पुढना साले तू म्हन. मनं व्हयी गयं."

त्यानंतर त्या ओट्यावर यायच्या बंद झाल्या. गाणं गेलं आणि त्यांचं बोलणंही आटलं.

भटूभाऊंनी मनाशी ठरवलं, पुढच्या कानबाईला आई पुढच्या रांगेत दिसली पाहिजे. धुळ्याला ज्योत्स्ना मॅडम म्हणून कानाच्या तपासणीच्या तज्ज्ञ आहेत. भटूभाऊ आक्काबाईंना त्यांच्याकडे घेऊन गेले, आणि दोन्ही कानांसाठी भुईमुगाच्या शेंगेएवढी श्रवणयंत्रं आली. मोबाइलवरून चालणारी.

"हाई काय आणं रे भटू?" आक्काबाईंनी विचारलं.

"माय, कानमा घालानं यंत्र शे."

"घरमा तुना खेळणा कमी व्हतात का, आते मना कानमा बी?"

पण घातली त्यांनी. सुनंदाबाईंनी चहा विचारला आणि आक्काबाईंनी पहिल्याच हाकेला "अर्धा कप" म्हटलं, तेव्हा सुनंदाबाई चहा ठेवायचं विसरून तिथेच उभ्या राहिल्या. त्या आठवड्यात भटूभाऊंनी व्हिडिओ केला. त्यांचा चेहरा असा काही फुलला होता! यंत्रातली सगळ्यात भारी सोय त्यांनी मोबाइलवर बोट सरकवून दाखवली. गोंगाट कमी करायची पट्टी. तिला शेवटपर्यंत ओढून म्हणाले, "दखा मंडळी, गोंगाट बठ्ठा गायब! फक्त मानूस बोलस ते ऐकू येस." आणि दोरी इतक्या जोरात ओढली की घंटीचा खिळा हलला.

आषाढ संपत आला तशा बाया मोहिनीच्या अंगणात गाणी म्हणून बघायला जमू लागल्या. आक्काबाई पांढरं लुगडं नेसून, यंत्रं घालून तिथे गेल्या. मीही होते. त्यांनी ओळ उचलली, बायांनी झेलली. दुसऱ्या ओळीला आक्काबाई थांबल्या. पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबल्या. बाया गात होत्या आणि आक्काबाई एकीच्या तोंडाकडून दुसरीच्या तोंडाकडे बघत होत्या. मग उठल्या आणि घरी गेल्या. मला राहवेना, मी मागोमाग गेले.

त्यांनी दोन्ही यंत्रं काढून घंटीखालच्या टेबलावर ठेवली होती.

"भटू," त्या म्हणाल्या, "तू माले गाडीथीन उतारी दिधं रे."

"काय व्हयनं, माय?"

"बोलनं ऐकू येस. पंखा बंद, भांडा बंद, गल्ली बंद. आनि बाया बी बंद. म्या ओळ फेकी, ती परत उनीच नही."

"गोंगाट नको म्हनीसन मी—"

"गाणं म्हंजे गोंगाटच शे ना रे भो! धा बाया, टाळ्या, पोरंसोरं. त्यामाईन गोंगाट काढी लिधा तर राहीनं काय?"

भटूभाऊ खुर्चीवर बसले. त्या यंत्राला माणसाचं बोलणं ओळखता येत होतं. एकदम उठलेला दहा बायांचा आवाज मात्र त्याला रस्त्यावरच्या गलक्यासारखा वाटत होता आणि ते इमानाने तो दाबत होतं. पट्टी शेवटपर्यंत ओढलेली होतीच.

संध्याकाळी ते आमच्या ओट्यावर आले. "बाई, अख्खी नोकरी मी खडखडाटात काढली. इंजीन, खिडक्या, हॉर्न, भांडणं. घरी आल्यावर तासभर कुणी बोललेलं नको वाटायचं. मला वाटलं, आईला द्यायचंच तर सगळ्यात भारी काय द्यावं? शांतता." त्यांनी पिवळ्या रुमालाने चष्मा पुसला. तोच रुमाल होता की नवा, मला सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी चॅनेलवर त्यांचा सगळ्यात छोटा व्हिडिओ आला. "मंडळी, मी घाईमा घंटी वाजाडी. यंत्र चांगलं शे, पण मी ते मना कानले पटाडं, मायना कानले नही. गाडी थांबाडस." आणि एक घंटी. खाली लोकांनी भरपूर टोमणे मारले. "कंडक्टर, सुटे पैसे परत करा" असंही एकाने लिहिलं. भटूभाऊंनी प्रत्येकाला उत्तर दिलं : "येवा, गाडी आखो सुटी." म्हणजे या, गाडी पुन्हा सुटेल.

मग त्यांनी ज्योत्स्ना मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, "गाण्यासाठी यंत्रात वेगळी व्यवस्था करता येते. मी आक्कांना विचारलं होतं काय ऐकायचंय, तर तुम्हीच म्हणालात टीव्ही आणि फोन. घेऊन या त्यांना."

"मॅडम, नुसती आई नाही आणायची. गल्ली आणायची आहे."

आणि खरंच आणली. आम्ही सगळ्या सकाळच्या धुळे गाडीत बसलो. आक्काबाईंना वयामुळे तिकीट नाही, आम्हा बायांना अर्धं. पूर्ण तिकीट एकट्या भटूभाऊंना पडलं. मोहिनी म्हणाली, "भटूभाऊ, गाडीमा आज तुमीच एकला श्रीमंत!" त्यांनी ते तिकीट बोटांत धरून बघितलं आणि मला म्हणाले, "अजून कोमटच निघतं."

दवाखान्यातल्या बाकांवरची माणसं आमच्याकडे बघत राहिली. ज्योत्स्ना मॅडमनी आक्काबाईंना मधे बसवलं, यंत्रं लॅपटॉपला जोडली आणि म्हणाल्या, "हं, म्हणा." आम्ही लाजलो. दवाखान्यात गाणं कसं म्हणायचं? शेवटी आक्काबाईंनीच ओळ उचलली : "उनी उनी कानबाई, दारनं तोरण हालनं..."

झेललेली ओळ निम्मीच पोचली. त्यांनी हात वर केला. मॅडमनी काहीतरी बदललं. पुन्हा. आता टाळ्या फार टोचल्या. पुन्हा बदललं. वॉचमन धावत आला, दारात उभा राहिला आणि तिथेच थांबला. कान तपासायला आलेले एक आजोबा पायाने ठेका धरू लागले.

"मोहिनीना आवाज जास्त येस," आक्काबाई म्हणाल्या. "तो कमी करा."

"तेवढं बटण अजून निघालेलं नाही, आक्का," मॅडम म्हणाल्या.

"निंघनं तर माले सांगा," सुनंदाबाई भटूभाऊंकडे बघत म्हणाल्या. "माले बी एक आवाज कमी करना शे."

त्या हसण्यातच पुढची ओळ आली आणि बायांनी ती झेलली. आक्काबाईंनी डोळे मिटले. या वेळी हात वर गेला नाही. कडवं संपेपर्यंत त्या म्हणत राहिल्या आणि सगळ्यांबरोबर थांबल्या. सगळ्यांबरोबर, अगदी त्याच मात्रेवर. मॅडमनी मोबाइलमध्ये त्या व्यवस्थेला नाव काय देऊ म्हणून विचारलं. भटूभाऊ म्हणाले, "गल्ली."

कानबाईच्या सोमवारी सकाळी मिरवणूक निघाली. चौरंग मोहिनीच्या डोक्यावर, ढोल पुढे, आणि बायांच्या पहिल्या रांगेत मधोमध आक्काबाई. पाठ वाकलेली, पण आवाज सरळ. बाजारपेठेच्या वळणावर मालाचा ट्रक अडकून हॉर्न वाजवत होता, ढोलवाले भरात आले होते, पोरं ओरडत होती. मला शेजारणीचं बोलणं ऐकू येत नव्हतं. आक्काबाईंनी ओळ उचलली, झेललेली ओळ परत आली, आणि त्या चालता चालता थांबल्या. भटूभाऊंचा हात मोबाइलकडे गेला.

आक्काबाई वळल्या आणि मागच्या रांगेतल्या मुलींवर बोट रोखून कडाडल्या, "ए पोरीस्वन! मांगनी रांग झोपनी का? अर्धी ओळ कोन खाई गयं?"

ह्याच त्या गेल्या वर्षी हसलेल्या मुली. पकडल्या गेल्या तशा त्या आधी खो खो हसल्या आणि मग अशा गायला लागल्या की ढोलवाल्याला हात आवरून त्यांना जागा द्यावी लागली. नदी येईपर्यंत आक्काबाईंनी एक ओळ सोडली नाही आणि दुसऱ्या कुणाला सोडू दिली नाही. परतताना त्यांचा घसा बसला होता. तशा बसलेल्या आवाजातही त्या भटूभाऊंना सांगत होत्या की ट्रकचा हॉर्न सुराला बरा होता.

घरी आल्यावर भटूभाऊंनी व्हिडिओ सुरू केला, पण दोरीला हात लावला नाही. आक्काबाई उठल्या, टाचा उंचावून त्यांनीच दोरी धरली आणि दोनदा ओढली. खिळा निखळून घंटी खाली आली. ती पडल्याचा आवाजही त्यांना आला, आणि त्या दचकल्या, तेव्हा आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तो व्हिडिओ पाहून धरणगाव, साक्री, नरडाणा असे कुठून कुठून लोकांचे फोन आले. सगळ्यांची एकच तक्रार : घरात म्हाताऱ्यांची यंत्रं आहेत, पण डबीत पडून आहेत. भटूभाऊ सगळ्यांना पहिला प्रश्न विचारतात, "त्यास्ले काय ऐकनं शे, ते इचारं का?"

हल्ली दर गुरुवारी सकाळच्या गाडीने ते धुळ्याला जातात आणि दुपारपर्यंत ज्योत्स्ना मॅडमच्या दवाखान्यात बसून नव्याने यंत्र घेतलेल्या म्हाताऱ्या माणसांशी अहिराणीत बोलतात.