तीन वॉटवाले अंकल

पेन्सिलीच्या रबराच्या टोकाने अंकल जुन्या रेडिओत असतो तशा काचेच्या व्हॉल्व्हवर हलकेच टकटक करायचे आणि मान तिरकी करून स्पीकरला कान लावायचे. स्पीकरमधून घंटेसारखी किणकिण आली की व्हॉल्व्ह बाद. नुसतं टक् झालं की पास. मग कुठे समोरच्या माणसाकडे बघून विचारायचे, "ऐकणार काय?"

उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये त्यांचा गाळा होता. जुने रेडिओ दुरुस्त करायचे आणि व्हॉल्व्हचे छोटे अॅम्प्लिफायर हाताने बांधायचे. सगळे त्यांना अंकल म्हणत. दुकान टाकून बसलेली, पण विकायची अजिबात घाई नसलेली अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. या माणसाने मला आठ महिने छळलं.

मी बदलापूरजवळच्या चामटोलीचा. घरातला पहिला पदवीधर. फिजिक्स घेऊन बीएससी केलं, अंबरनाथला एका कंपनीच्या लॅबमध्ये लागलो आणि खरवईला फ्लॅट घेतला. बाबा लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. दात गेले तसं वाजवणं सुटलं. एका वरातीची कॅसेट तेवढी उरली होती. ती मोबाइलवर उतरवून घेतली आणि चांगल्यातला ब्लूटूथ स्पीकर आणून त्यांना ऐकवली. बाबांनी दोन मिनिटं ऐकलं.

"ह्यो मी नाय," म्हणाले आणि उठून गेले.

ते मला फार लागलं. फुंकून वाजवायचं वाद्य व्हॉल्व्हवर जिवंत वाटतं असं कुठेतरी वाचलं होतं, म्हणून अंकलकडे गेलो. चाळीस वॉटचा अॅम्प्लिफायर हवा, हे घरूनच ठरवून गेलो होतो.

"चाळीस? हॉलमध्ये वरात काढतो काय, बीएससी?" अंकल म्हणाले. "हा तीनचा घेऊन जा. आठ दिवस ऐक, मग बोल."

"तीन वॉटमध्ये काय होणार, अंकल?"

"स्पीकर बरोबर असला तर तीनमध्ये शेजारी दार ठोकतो. वॉट कोणी ऐकत नाही. तू ऐकणार काय, ते सांग."

मी म्हणालो, "क्लासिकल."

बँड म्हणायला जीभ वळली नाही. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र होतं.

मग सुरू झाल्या फेऱ्या. त्या तीन वॉटच्या अॅम्प्लिफायरचं सात-आठ किलोचं लोखंडी धूड मांडीवर घेऊन रिक्षातून जायचं. अंकल एक व्हॉल्व्ह बदलणार आणि परत पाठवणार. दोन्ही एकदम बदला म्हटलं तर, "मग कुठल्या व्हॉल्व्हने काय केलं ते कळणार कसं? कॉलेजात हेच शिकवलं ना?" हेच शिकवलं होतं, म्हणून जास्तच चीड यायची. सतार सुरेख वाजायची. तंबोरा असा, की खोलीत कोणी बसलंय. बाबांची कॅसेट लावली की बाबा मान हलवायचे. नाय.

शेवटी वैतागून मी ऑनलाइन दोन महागडे व्हॉल्व्ह मागवले. काचेवर सोनेरी अक्षरात परदेशी नाव. अंकलसमोर ऐटीत ठेवले. त्यांनी भिंग लावून आत बघितलं, मग माझ्या हातात भिंग दिलं. शेजारी त्यांच्या डब्यातला स्वस्तातला व्हॉल्व्ह धरला. आतले पत्रे, तारा, सगळं तेच.

"नाव बाहेर छापलंय, बीएससी. वाजतं आतलं."

माझा तोल गेला. "मग तुम्हाला जमत नाही, असं सांगून टाका ना. आठ महिने माझे बाबा म्हणतायत, हा मी नाही, हा मी नाही."

"बाबा? बाबा गातात?"

सांगावं लागलं. बँड, क्लॅरिनेट, वरात, सगळं.

अंकलनी पेन्सिल खाली ठेवली. "लग्नाचा बँड. आणि मी आठ महिने याला तंबोरा लावून देतोय." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "शरम कसली रे त्यात? माझ्या वरातीला बदलापूरचाच बँड होता. एवढा नाचलो, बूट फाटला."

माळ्यावरून त्यांनी जुन्या रेडिओग्रामच्या, म्हणजे रेडिओ आणि तबकडीच्या पेटीतला कागदी पडद्याचा मोठा स्पीकर काढला. एक काळपट व्हॉल्व्ह बसवला. वरचे सूर जरा मंद, मधले भरलेले. "क्लॅरिनेट इथे मधल्या सुरात राहतं," म्हणाले.

रविवारी दुपारी घरी लावला. बाबा ऐकता ऐकता पुढे झुकले. मधेच हात वर केला.

"हितं माझा श्वास तुटला व्हता. नवऱ्याची घोडी अंगावर आली." मग म्हणाले, "परत लाव."

गेल्या वर्षी अंकल गाळा बंद करून मुलीकडे इंदूरला गेले. व्हॉल्व्ह खरखरायला लागला म्हणून मी फोन केला. "फोनवर मला काय ऐकू येणार?" म्हणाले आणि ठेवून दिला. अजून राग येतो. पण जाण्याआधी त्यांनी एक जादा व्हॉल्व्ह वर्तमानपत्रात गुंडाळून दिला होता. वर पेन्सिलीने लिहिलं होतं, 'बँड'. तोच आता लावलाय.

परवा लॅबमधला एक सहकारी घरी आला. व्हॉल्व्हचा लालसर उजेड बघून त्याने विचारलं, "किती वॉट?"

"वॉट सोड. तुला घ्यायचाय का? ऐकणार काय?"

त्याने बाबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "क्लासिकल," म्हणाला.

मी पेन्सिल उचलली, काचेवर टकटक केलं आणि मान तिरकी केली.

"खरं सांग," मी म्हटलं.