नाव बदलले आहे

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. पत्रकाराला सांगायची सवय असते म्हणतात — खोटं आहे. आम्हाला दुसऱ्यांचं सांगायची सवय असते.

‘नाव बदलले आहे.’ बातमीच्या खाली, कंसात, बारीक अक्षरात. कुणाचं खासगी आयुष्य चव्हाट्यावर मांडायचं असलं की आम्ही हे वाक्य टाकतो आणि हात झटकतो. नाव बदलायचं, तपशील ठेवायचा — तपशिलाशिवाय वाचतो कोण? नोकरीला लागलो तेव्हाच शिकवलेली गोष्ट. आज त्या वाक्याची चीड येते. पण वाक्याची कशाला? ते टाकणारा मीच.

भाईंदर पूर्वेला, केबिन रोडच्या मागे आमची इमारत. समोरच्या दारात रत्नागिरीकडचं कुटुंब. वडील स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशवर, मुलगी बारावी सायन्सला. तिच्या कॉलेजात समुपदेशक मॅडमनी एक ॲप आणलं होतं, परीक्षेचा ताण कमी व्हावा म्हणून. श्वासाचा छोटा व्यायाम करायचा आणि दोन ओळी लिहायच्या — आज मला काय जमलं, आणि पुढे काय करून बघणार. गोष्ट लहान चालेल, पण स्वतः केलेली हवी. एक जमली की पुढची जरा अवघड. लिहिलेलं तुमच्या फोनमध्येच राहील, कुणी वाचणार नाही, असं मॅडमनी मुलांना सांगितलं होतं.

मला पुरवणीसाठी लेख हवा होता. खरं सांगू? मी थट्टा करायच्या तयारीत होतो. मोबाइलनेच डोकं फिरवलं, आता मोबाइलच ताळ्यावर आणणार — मथळा मनात तयार होता. समोरच्या मुलीला बोलावलं. ती सोफ्याच्या कडेला बसली.

“काका, हसायचं नाही हां. आधी प्रॉमिस.”

मी प्रॉमिस केलं. तिने एकच नोंद दाखवली — वर्गात हात वर करून सरांना शंका विचारली. “तुम्हाला फालतू वाटेल. पण मला ना, उभं राहिलं की पोटात गोळा यायचा. आता कमी येतो.”

मला हसू आलं नाही. मथळा फुकट गेला, एवढंच मनात आलं.

तेवढ्यात तिच्या आईने हाक मारली, गॅसचा सिलिंडर आला होता. फोन टीपॉयवर ठेवून ती गेली. तसाच, उघडा.

मी बोटाने आधीच्या नोंदी वर आणल्या.

ती क्लासला जातच नव्हती. क्लासच्या वेळेत बस पकडून घोडबंदरला जायची, किल्ल्याखाली खाडीकडे तोंड करून बसायची. फिजिक्स झेपत नव्हतं. घरी पत्ता नव्हता. एका नोंदीत लिहिलं होतं, ‘पप्पांच्या नखांतलं पॉलिशचं काळं साबणानेही निघत नाही. ते बघितलं की माझ्या तोंडातून शब्द फुटत नाही.’ उभ्या नोकरीत मला असं वाक्य लिहिता आलं नव्हतं. मी ते पाठ केलं. ती परत आली तेव्हा फोन जागेवर होता आणि मी तिला सरबत हवं का विचारत होतो.

लेख रविवारी आला. नाव बदललेलं. खाडी तीच, किल्ला तोच, नखं तीच. इमारतीत तो पेपर घरोघरी माझ्यामुळेच यायचा — हे मला माहीत नव्हतं? होतं. दुपारच्या आत तिचे वडील दारात उभे. हातात पेपर, मागे मुलगी.

“भाऊ,” त्यांनी दोन्ही हात पुढे केले, “ही नखं माझीच ना?”

आणि इथे मी जे केलं, त्याला तुम्ही काय म्हणाल? मी म्हणालो, “ॲपच्या कंपनीनेच पाठवलं हो सगळं. बिननावाचं. मला काय माहीत, आपल्याच पोरीचं आहे?”

किती सहज आलं तोंडात! ती माझ्याकडे बघत होती. मी बाकीचं वाचलं असेल, अशी शंकासुद्धा तिच्या डोळ्यांत नव्हती. काका होतो ना मी. वडिलांनी माझ्यासमोर तिला ॲप काढून टाकायला लावलं.

तिथे तरी थांबावं? पालक कॉलेजवर धडकले, मी त्याचीही बातमी केली — ‘ॲपमधून विद्यार्थ्यांची गुपिते फुटली?’ ते प्रश्नचिन्ह बघा. आरोप करायचा पण अंगावर घ्यायचा नाही, तेव्हा आम्ही ते लावतो. फुटलं ते ॲपमधून नाही, माझ्या बैठकीच्या खोलीतून. कॉलेजने ॲप बंद केलं. मॅडमना पुढच्या वर्षी बोलावलं नाही. ज्या मुलांना त्याचा उपयोग होत होता, त्यांना कुणी विचारलं? मी नाही विचारलं. ती मुलगी त्या वर्षी परीक्षेलाच बसली नाही. आणि नंतर एकदा लिफ्टमध्ये मला म्हणाली, “बरं झालं काका, छापलंत. नाहीतर त्या ॲपवाल्यांनी अजून कुणाकुणाचं बाहेर काढलं असतं.”

मी मान डोलावली.

अजून एक राहिलं. बातमीत महत्त्वाचं आधी लिहितात. या वेळी मला जमलं नाही. त्या दिवशी तिच्या फोनमधली सगळ्यात ताजी ओळ मी वाचली होती — ‘रविवारी पप्पांना सुट्टी. सगळं मी स्वतः सांगणार.’ वर्गात हात वर करण्यापासून ती तिथवर पोचली होती. लेख रविवारी लागणार हे मला ठाऊक होतं. ती ओळ मी लेखात घेतली नाही. त्या ओळीने लेखाचा शेवट सैल पडत होता.

मधे काही वर्षं गेली. ती आता नोकरी करते. गेल्या आठवड्यात इथवरचा मजकूर मी तिच्या हातात दिला. तिने दारातच उभं राहून वाचला. आरडाओरडा नाही. कागद परत दिले.

“पप्पांना मी सांगणार. तुम्ही नाही. तोवर छापायचं नाही.”

काका म्हणाली नाही. दार लावलं.

मी थांबलो. काल संध्याकाळी बेल वाजली. “सांगितलं,” एवढंच म्हणाली आणि वळली. त्यानंतर हा मजकूर छापायला दिला. यात तिचं नाव बदललेलं नाही. लिहिलेलंच नाही.