पडद्याआधीचं वाक्य

ब्रॅडफर्डवर सकाळपासून काजळीचा पाऊस लागला होता. लोकरीच्या गिरण्यांची धुरांडी निम्मीच दिसत होती. ऑल्फ क्रॅडॉक घरमालकीण अ‍ॅक्रॉइडबाईंच्या चुलीपाशी बसून आपल्या खोट्या पोटात घोड्याचे केस कोंबत होता. तीस वर्षं असली पोटं बांधून त्यानं लोकांना हसवलं. नाटकंही लिहिली, पण ती सगळी स्वतःला धडपडायला जागा मिळावी म्हणून.

संध्याकाळचं नाटक तेवढं वेगळं. त्यातला ढेरपोट्या बटलर तीन अंक आपटतो, आणि शेवटी पोर गमावलेल्या मालकिणीला एवढंच सांगतो, "दार उघडंच ठेवलंय, बाईसाहेब." की पडदा. तिथं कुणी हसायचं नव्हतं. त्या एका वाक्यापायी त्यानं अख्खं नाटक रचलं होतं.

"मला तरी म्हणून दाखव की," मासे परतता परतता बाई म्हणाल्या.

"शेवटचं वाक्य पहिल्या प्रयोगाआधी तोंडातून काढत नाहीत, बाई. तालमीतसुद्धा नाही. अपशकुन होतो."

"एवढा थोराड बाप्या, आणि भितोस?"

"याच धंद्यावर पोट आहे. भ्यायलाच पाहिजे."

संध्याकाळी थिएटर गच्च भरलं. तीन अंक लोक लोळून हसले. शेवटी ऑल्फ दिवा घेऊन पुढं आला, थांबला. तोवर गॅलरीतनं कुणीतरी ओरडलं, "आता पडतंय बघा बेणं!" सगळं थिएटर फुटलं. हसू ओसरायची वाट बघत ऑल्फ तसाच उभा राहिला.

आणि पडदा खाली आला.

"अहो, मी बोललोच नव्हतो!" विंगेत उभ्या कंपनीच्या मालकावर, डेनसाहेबांवर, तो धावून गेला.

"बोलायचंय कशाला? नुसता उभा राहिलास तर छप्पर उडालं! रोज इथंच पाडायचा पडदा."

"ते वाक्य एकदा ऐकलं असतंत तर..."

"तूच तर तालमीत म्हणत नव्हतास, लेका!" डेननी त्याच्या खोट्या पोटावर थाप मारली आणि गेले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी विचारलं, "झालं ना तुझं वाक्य? आता तरी ऐकव."

ऑल्फ उठला. कोट सारखा केला आणि ते वाक्य म्हणाला. हळू, जसं म्हणायचं मनात होतं तसंच.

बाई क्षणभर बघत राहिल्या. मग एप्रन तोंडाला लावून फस्सकन हसल्या. "मेल्या, काय थोबाड करतोस रे!"

ऑल्फही जरा हसला. सवयच ती. मग बादली उचलून तो परसात कोळसा भरायला गेला.