तुम्ही फोन ठेवा, मी करते

रंगांच्या त्या कारखान्यात सगळे तिला ताई म्हणत, तिच्याहून वयानं मोठे असलेले मालकसुद्धा. सव्वीस वर्षं ती फोनवर बसली होती. प्रत्येकाच्या हातात मोबाइल आला तसं तिचं काम निम्म्यावर आलं, पण कान तल्लखच राहिले. पलीकडून नुसतं "हॅलो" आलं की ती माणूस ओळखायची.

समोरच्या टेबलावर स्टोअर सांभाळणारे भाऊ बसत. सरळमार्गी माणूस, आणि कुणी आवाज चढवला की लगेच गडबडणारा. एका सकाळी त्यांच्या टेबलावरच्या थेट लाइनवर फोन आला. कारखान्याचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या कंपनीतून बोलतोय, असं पलीकडचा म्हणाला. तुमच्या कॉम्प्युटरमधून सगळीकडे व्हायरस पसरतोय, तुमच्याकडच्या कॉम्प्युटर बघणाऱ्या मॅडम रजेवर आहेत, तेव्हा आता सगळं तुमच्या हातात आहे. भाऊंना घाम फुटला. त्यानं सांगितलं तसं एक ॲप त्यांनी उतरवून घेतलं. आता पडद्यावरचा नंबर वाचून दाखवायचा, की तो तिथं बसल्याबसल्या इथला कॉम्प्युटर चालवणार होता. आकडे बारीक होते आणि चष्मा खाली गोदामात राहिला होता. म्हणून भाऊंनी ताईला हाक मारली.

ताई उठून आली, आकडे बघितले आणि कुणाला सांगायचेत म्हणून विचारलं. उत्तर ऐकून तिनं भाऊंच्या हातातून रिसीव्हर घेतला. पलीकडचा आवाज मधात बुडवून काढल्यासारखा होता, पण मध्ये श्वास घेऊ देत नव्हता. ताईनं आजवर दुरुस्तीवाले पुष्कळ पाहिले होते. त्यांच्या मागे आपण धावायचं असतं, ते आपल्या मागे धावत नाहीत.

"तुमच्या ऑफिसचा नंबर माझ्या वहीत आहे," ती म्हणाली. "तुम्ही फोन ठेवा, मी त्याच नंबरवर करते."

"मॅडम, तेवढ्यात सगळं बंद पडेल. जबाबदारी तुमची राहील."

"राहू दे माझी."

मध कुठच्या कुठे गेला. त्यानं एक शिवी हासडली आणि फोन आपटला. ताईनं आधी भाऊंच्या कॉम्प्युटरची नेटवर्कची वायर उपटली, मग वहीतला नंबर लावला. खऱ्या कंपनीतून कुणीच फोन केलेला नव्हता. तासाभरात त्यांचा माणूस आला, त्यानं ॲप काढलं, कॉम्प्युटर तपासला. नंबर बाहेर गेला नव्हता, म्हणून सगळं थोडक्यात निभावलं होतं.

भाऊ खाली मान घालून बसले होते. मालकांना कसं सांगायचं, हेच त्यांना सुचेना. ताईच्या डोक्यात मात्र वेगळंच चाललं होतं. मॅडम रजेवर असल्याचं त्या माणसाला कळलं कुठून? आणि मग तिला आठवलं. आठवड्यापूर्वी कुरियरवाला म्हणून कुणीतरी मॅडमची चौकशी केली होती, आणि आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, पंधरा दिवस येणार नाहीत, असं तिनंच आपुलकीनं सांगून टाकलं होतं. तिचे कान गरम झाले.

"चला, दोघं मिळून जाऊ," ती भाऊंना म्हणाली. "तुम्ही दार उघडलंत, पण पत्ता मीच दिला होता."

मालक रागावले नाहीत. सगळं ऐकून घेतल्यावर, इतरांनाही हे शिकवा, एवढंच म्हणाले. ताईला भाषण कुठलं जमायला? तिनं आपल्याला येतं ते केलं. दुसऱ्या आठवड्यापासून ती आवाज बदलून एकेकाला फोन करू लागली. कधी कॉम्प्युटर कंपनीत तक्रारी घेणारी बाई, कधी घाईत असलेली साहेबीण. पॅकिंगचे मुकादम फसले, हिशेबनीस थोडक्यात वाचले. भाऊंनी मात्र पहिल्याच वाक्याला विचारलं, "तुमचं नाव सांगा, मी ऑफिसच्या नंबरवर फोन करतो." रिसीव्हरवर हात ठेवून ताई खूप वेळ हसली.

खुद्द मालकांनी तर आपला पासवर्ड स्पेलिंगसकट सांगितला. "लिहून घेतला, मालक. आता बदला," असं ताई आपल्या खऱ्या आवाजात म्हणाली. दुपारी मालक स्वतः तिच्या टेबलापाशी आले आणि पुढच्या महिन्यात पुन्हा फोन करा, म्हणून सांगून गेले.

मॅडमही आता कामावर परतल्या आहेत. त्यांना फसवायचं म्हणजे खायचं काम नाही. त्यामुळे सध्या ताई संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालता घालता नवा आवाज बसवते आहे, आणि नवरा खुर्चीत बसून मार्क देतो. काल दहापैकी सहा मिळाले.