आत्याचा डबा

आमच्या आत्याला वाकडं काही खपत नाही. भिंतीवरचा फोटो जरा कलला तरी तिला घास गोड लागत नाही. आणि चूक कबूल करायची म्हटलं तर? छे! हातून कप फुटला तरी दोष कपाचा.

टेकडीच्या उतारावर ती एकटी राहायची, शिवणकाम करायची. तो उतार घसरतोय का, यावर आमचं ऑफिस उपग्रहातून नजर ठेवायचं. त्यासाठी तिच्या परसात पत्र्याचा एक तीन बाजूंचा उघडा डबा बसवला होता. उपग्रहाच्या रडारचा झोत त्यावर आपटून परत यायचा आणि माझ्या स्क्रीनवर लखलखीत ठिपका उमटायचा. जमीन सरकली की ठिपका सरकणार. दाट झाडीमुळे बाकी उताराचं धड काही कळत नसे, सगळी भिस्त या ठिपक्यावर. "डबा स्वच्छ ठेव, बस," एवढंच मी तिला सांगितलं होतं. ती तो ताटासारखा लख्ख पुसायची.

ठिपका जागचा हलत नव्हता. साहेब खूश, उतारावरची वस्ती निर्धास्त.

एका रविवारी मी तिच्याकडे गेले, तर डब्याखाली दगडांची ही चळत!

"आत्या, हे काय?"

"अगं, मेला सारखा कलंडतो, खाली सरकतो. मी ढकलून जागेवर आणते, दगड लावते. तुमच्या लोकांना साधा डबा बसवता येत नाही."

"आत्या, डबा नाही गं. टेकडी सरकतेय."

ती मटकन पायरीवर बसली. मला तिचा संताप आला होता, पण तिचा चेहरा बघून तो गिळला.

मी ऑफिसला फोन लावला. वस्ती रिकामी करायचा निरोप आला, पण ऐकतंय कोण! "कालपर्यंत तुमचा उपग्रह सगळं ठीक म्हणत होता ना?" शेजारचा दुकानदार म्हणाला. खोटं नव्हतं ते.

तेव्हा आत्या उठली आणि त्याच्या दारात जाऊन उभी राहिली.

"चुकलं माझं. सरकलेला डबा मीच परत जागेवर ढकलत होते. निघा."

दुकानदार तिच्याकडे बघतच राहिला. तिच्या तोंडून हे त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं. मग तो आत वळला आणि बायकोला म्हणाला, "पोरांना घे." आत्या पुढच्या दारात गेली, मग त्याच्या पुढच्या. तेच बोलत राहिली आणि माणसं निघत राहिली.

दुसऱ्या दिवशी टेकडी खाली आली. माणसं वाचली. आत्याचं घर, शिलाई मशीन, तो डबा, सगळं गाडलं गेलं.

आता ती माझ्याकडे असते. परवा भिंतीवरचा फोटो कललेला दिसला, म्हणून मी सरळ करायला गेले. तिनं माझा हात धरला.

"थांब. आधी भिंत बघ."